सिग्नलची काच ओतणारे साहेबराव

साहेबरावांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. भट्टीच्या तोंडाशी ते उभे होते. अंगात घामानं चिकटलेली बंडी, डोक्याला ओला पंचा. लांब लोखंडी सळईच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन ते साच्याकडे वळले आणि दारातल्या मला म्हणाले, "बाजूला व्हा ताई, ह्ये ओळख बघत न्हाई."

साल १९९४. मी वरवंडची. आमचे आबा मेंढरं घेऊन हिंडले, वडिलांनी शेती धरली आणि मी दौंडच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बाहेर पडले. कुरकुंभच्या औषध कंपन्यांत अर्ज टाकून झाले होते, पण आधी बोलावणं आलं ते दौंडजवळच्या या लहानशा काच कारखान्याकडून. मालक शिरूरचे. त्यांना सगळे शेठ म्हणत. आठवड्यातून दोन-तीनदा ते जुन्या जीपमधून येत. माझं काम होतं माल तपासायचं आणि बॅच मोजून द्यायचं. बॅच म्हणजे काचेची पूड: वाळू, सोडा, आणि रंगासाठी लागणारं बाकीचं. ती मुशीत, म्हणजे भट्टीतल्या मातीच्या भांड्यात, वितळवायचं काम साहेबरावांचं.

आम्ही पाण्याचे ग्लास किंवा बरण्या बनवत नव्हतो. आमची काच रेल्वेच्या सिग्नलला जायची. त्या काळात लहान स्टेशनांवर अजून हाताचे सिग्नल होते. उंच खांब, त्यावर वर-खाली होणारा लोखंडी हात, हाताच्या मुळाशी लाल आणि हिरव्या काचेची चौकट, आणि तिच्यामागे रॉकेलचा दिवा. त्या चौकटीतल्या गोल काचा आम्ही दाबून काढायचो.

साहेबराव दौंडचे. त्यांचे वडील रेल्वेत दिवेवाले होते. दिवस कलला की खांद्यावर दिवे घेऊन मनमाडच्या लाइनीनं चालत जायचं, खांबावर चढायचं, दिवा ठेवून उतरायचं. साहेबराव मात्र रेल्वेत गेले नाहीत. तरुणपणी ते तळेगावला गेले, तिथं काचेचं काम शिकले, आणि हा कारखाना निघाला तेव्हा गावाकडं परत आले. मी आले तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली असेल. गालांची कातडी उन्हानं नाही, आगीनं रापलेली. बोलणं कमी, पण तोंडात शब्द गोड.

पहिली लाल बॅच मी तोलून दिली आणि काच बाहेर येताना बघायला उभी राहिले. साच्यातून निघालेली काच उसाच्या रसासारखी फिकी पिवळी होती. म्हटलं, लाल रंग देणारं सेलेनियम कमी पडलं, पहिल्याच बॅचला आपण माती खाल्ली.

"साहेबरावमामा, लाल कुठाय?"

"हाय की. आतच हाय. अजून झोपेत हाय ती."

त्यांनी ती काच दुसऱ्या भट्टीत सरकवली. ही भट्टी पहिलीपेक्षा पुष्कळ मंद. काच त्यात वितळत नाही, नुसती तापते. थोड्या वेळानं त्यांनी मला बारीक झरोक्यातून बघायला लावलं. पिवळी काच कडेनं केशरी होत होती. मग तो केशरी रंग मध्यापर्यंत सरकला, आणि बघता बघता आत कुणीतरी कुंकू कालवावं तशी ती लाल झाली. साहेबरावांनी ती तिथल्या तिथं बाहेर काढली. शेजारची एक मात्र त्यांनी मुद्दाम आत राहू दिली. ती आधी गडद झाली, मग तपकिरी, आणि शेवटी कलेजीसारखी काळपट.

"कमी तापली तर जागी व्हत न्हाई. लई तापली तर मरती," ते म्हणाले.

पुस्तकात मी वाचलं होतं की सेलेनियम आणि कॅडमियमचे कण काच पुन्हा तापवल्यावर वाढतात आणि त्यांच्या आकारावर रंग ठरतो. ते मी त्यांना सांगितलं. ते मन लावून ऐकत राहिले आणि मग विचारलं, "म्हंजी मूस तीच, पूड तीच, आन् कण केवढा झाला त्यावर सगळं?" मी हो म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी साच्यावरच्या म्हस्कूला हाक मारून तेच पुन्हा मला सांगायला लावलं. म्हस्कू हा आमचा काच दाबणारा गडी, कामाला वाघासारखा, पण त्याला कणांचं काही पडलेलं नव्हतं. तो मान हलवून पुन्हा कामाला लागला.

पुढच्या हिवाळ्यात लाल येईनाशी झाली. कितीही तापवली तरी काच केशरीवर अडायची आणि तिथून थेट तपकिरी व्हायची. शेठ रोज येऊ लागले. साहेबरावांनी भट्टी कमी-जास्त करून पाहिली. मी माल तपासत बसले. शेवटी दोष जस्ताच्या भुकटीत सापडला. नवीन पुरवठादाराच्या मालात जस्त कमी आणि माती जास्त होती. जस्त असलं की ते सेलेनियमला काचेत धरून ठेवतं. ते नसलं की सेलेनियम धुरावाटे उडून जातं. मी चांगलं जस्त मागवलं. फरक पडला, पण पुरता नाही. तेव्हा साहेबराव म्हणाले, "ताई, तुमी आतलं बघितलं. आता मला वरचं बघू द्या." त्यांनी बर्नरची हवा कमी केली, मुशीवर झाकण बसवलं आणि वितळवण्याचा वेळ आखडता घेतला. मग लाल आली, आणि जणू कधी गेलीच नव्हती अशी आली.

शेठनी त्यांची पाठ थोपटली तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "जस्त ताईंनी पकडलं. मी नुसतं झाकण ठिवलं." माझ्या पहिल्या नोकरीतला हा पहिला मान, आणि तो त्यांनी मला दिला.

त्याच दिवसांत त्यांची बायको जाईबाई मला बाजारात भेटली. हसत हसतच म्हणाली, "बाई, आमच्या घरात आठवडाभर लसूण न्हाई, आन् ह्यांच्या तोंडाला लसणाचा वास. कारखान्यात चटणी खात्यात का काय?" मी हसले नाही. सेलेनियम अंगात गेलं की श्वासाला लसणाचा वास येतो, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी शेठना गाठलं. साहेबराव माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "धुराडं लावा शेठ, न्हाई तर लाल बंद." महिन्याभरात मुशीवर धूर खेचणारं धुराडं लागलं.

हिरव्या काचेची गोष्ट वेगळी. ती पुन्हा तापवावी लागत नाही. तिचा रंग तांब्याचा आणि थोडा क्रोमियमचा. पण दिवसा हातात धरली तर सिग्नलची हिरवी काच हिरवी दिसतच नाही. ती निळसर दिसते, मोरपिसासारखी. कारण रॉकेलची ज्योत पिवळी असते. त्या पिवळ्या उजेडाला हिरवा करायचा तर काचेत निळा लागतो. निळा कमी पडला तर दिवा पिवळट दिसेल, जास्त झाला तर काच उजेडच गिळेल आणि लांबून दिवा विझल्यासारखा दिसेल.

हे तपासायला कारखान्यात एक लांबलचक अंधारी खोली होती. एका टोकाला रेल्वेचा खरा दिवा, त्याच्यापुढे काच, आणि दुसऱ्या टोकाला बाकड्यावर साहेबराव. रेल्वेनं मंजूर केलेल्या नमुन्याच्या काचाही होत्या, पण त्या कपाटात असायच्या. साहेबरावांचा डोळा असताना नमुना काढणार कोण? एखादी काच बघून ते म्हणत, "हिला बापानं खांबावर चढवली नसती," आणि ती भंगारात जायची. तपासणीला येणारे रेल्वेचे साहेबसुद्धा त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसून चहा घेत आणि म्हणत, यांनी पाहिलंय म्हणजे आमचं काम सोपं.

१९९८ साली हिरवा बिघडायला लागला, म्हणजे साहेबरावांना तसं वाटायला लागलं. "ताई, हिरवा पिवळट येतोय. वाळूत लोखंड वाढलं का?"

शंका रास्त होती. लोखंडानं काच पिवळट हिरवी होते. म्हणून तर आम्ही भीमेची काळी वाळू दाराशी असून घेत नव्हतो, कोकणातून पांढरी आणत होतो. मी वाळू तपासली. लोखंड होतं तेवढंच. सोडा तपासला, मूस पाहिली. कुठंच काही नाही. तरी त्यांना पिवळट दिसतच होता. मग आम्ही तांबं किंचित वाढवलं. थोड्या दिवसांनी पुन्हा किंचित. उन्हाळा लागेपर्यंत तांबं नेहमीपेक्षा बरंच वर गेलं होतं आणि ते का लागतंय, हे मला काही केल्या समजत नव्हतं.

चौदा एप्रिल आला. त्यांच्या वस्तीत जयंतीची धांदल होती. जाईबाईनं मला जेवायला बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा पोरं चौकात झेंडा चढवत होती आणि साहेबराव खाली उभे होते, पांढरा शुभ्र सदरा घालून.

"आरं, जुना झेंडा कशापाई लावला?" ते ओरडले. "वर्सातनं एक दिस असतोय. मळकट झालाय निस्ता."

"आप्पा, कोरा हाय," एक जण वरून म्हणाला. "कालच पुण्यासनं आणलाय."

"कोरा? मंग असा काळपट का?"

सगळे हसले. झेंडा लखलखीत निळा होता. माझ्या डोळ्यांसमोर फडफडत होता. मी साहेबरावांकडं पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी एक डोळा झाकून वर पाहिलं, मग दुसरा झाकून. मग जाईबाईच्या अंगावरच्या निळ्या लुगड्याकडं बराच वेळ बघत राहिले. मिरवणुकीत ते शेवटपर्यंत चालले.

दुसऱ्या दिवशी मी लॅबचं कुलूप काढत होते, तर ते दारात उभे.

"ताई, नमुन्याच्या काचा काढा. आन् मला काय इचारू नका. तुमीच बघा, तुमीच सांगा."

आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. मी म्हस्कूलाही बोलावलं. दिव्यापुढं आधी नमुना लावला, मग आमची नवी काच. मला आणि म्हस्कूला एका नजरेत दिसलं. नमुन्याचा दिवा स्वच्छ हिरवा होता. आमचा निळा आणि अंधुक, पाण्याखाली ठेवल्यासारखा.

"बोला," साहेबराव म्हणाले.

"मामा, आपली लई गडद झालीय."

त्यांनी मान हलवली. "मला दोनी सारख्याच दिसत्यात." मग म्हणाले, "वाळू चांगली हाय. मूस बी चांगली हाय. डोळा गेलाय माजा."

बाहेर टेम्पो उभा होता. हिरव्या काचांच्या पेट्या भरून झाल्या होत्या, त्याच दिवशी निघायच्या होत्या. शेठ आले होते. साहेबराव सरळ त्यांच्याकडं गेले. मी मागोमाग. वाटेत मला वाटून गेलं की यांनी हे शेठना सांगायची काय गरज? तांबं गुपचूप खाली आणता येईल, डोळे गुपचूप दाखवता येतील. कारखान्यात त्यांची सगळी किंमत त्या डोळ्यांवर होती. दाबणारे पुष्कळ मिळतात, बघणारा मिळत नाही.

"शेठ, पेट्या उतरवा," ते म्हणाले. "ह्यो माल मी पास केलाय, आन् मला निळं दिसत न्हाई."

शेठ आधी समजलेच नाहीत. समजल्यावर बसलेले उठले. "अहो, तपासणीत कदाचित जाईलही पुढं."

"जाईल बी. चार काचा काढून बघत्यात, पेटी न्हाई बघत. पर मी सांगतोय न्हवं तुमाला, मला दिसत न्हाई म्हणून."

"कधीपासून?"

"त्येच कळत न्हाई. म्हणून ह्या सालातला गोदामातला समदा हिरवा परत बघायचा. मी न्हाई बघणार. ताई बघतील, म्हस्कू बघंल."

शेठ रागीट माणूस. त्यांच्या कपाळाची शीर उडताना मला दिसत होती. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, खरंच इतका फरक आहे?" मी म्हटलं, आहे. ते जीपपर्यंत गेले, तिथून परत आले आणि हमालांना म्हणाले, "उतरवा रे." मग साहेबरावांकडं न बघता जीप काढून निघून गेले.

पुढचे कितीतरी दिवस मी आणि म्हस्कू बाकड्यावर बसून एकेक काच नमुन्याशी ताडत होतो. साहेबराव दिव्यापाशी उभं राहून काचा लावून देत होते. ज्या बाकड्यावरून त्यांनी इतकी वर्षं निवाडा दिला, त्याच्या समोरच्या टोकाला उभं राहायला त्यांना काही वाटलं नाही. आधीच्या काचा ठीक निघाल्या. नंतरच्या निम्म्याहून अधिक गेल्या. त्या त्यांनी स्वतः घणानं फोडल्या आणि म्हणाले, वाया काय जात नाही, तांबं वजा धरून पुन्हा मुशीत घालू. तसंच केलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. काम काय करता, असं विचारलं आणि ऐकून म्हणाले, भट्टीकडं बघून बघून हा होतो, आगीच्या झळीनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. साहेबरावांनी ते परत आल्यावर मला सांगितलं, मोठ्या नवलानं: "म्हंजी ताई, माझ्या डोळ्यात बी काचच हाय. तीच पिवळी पडली, आन् मी वाळूला शिव्या देत बसलो."

ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी जाईबाईबरोबर होते. त्यांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग खिडकीकडं. आभाळ भर दुपारचं होतं. ते बघतच राहिले. डॉक्टर औषधं सांगत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मग हळूच म्हणाले, "एवढं निळं असतंय व्हय?" जाईबाईनं पदर डोळ्यांना लावला.

त्यांना वाटत होतं, नोकरी गेली. पण बरं झाल्यावर शेठच त्यांच्या घरी आले, शिरूरच्या बाजारातून आणलेली द्राक्षांची पेटी घेऊन. म्हणाले, "माझा दुसरा कुणी माणूस असता तर त्यानं सांगितलं नसतं. उद्यापासून या." साहेबरावांनी एकच अट घातली. भट्टीवरच्या प्रत्येकाला रंगीत काचेचा चष्मा.

चष्मे आले आणि कोणी घालेना. काच किती तापली हे तिच्या रंगावरून कळतं, आणि चष्म्यातून सगळंच वेगळं दिसतं. म्हस्कू तर म्हणाला, ह्ये घालून मी आंधळाच झालो. तेव्हा साहेबरावांनी आधी स्वतः घातला. पन्नाशीच्या घरातला माणूस शिकाऊ झाला. आग कशी दिसते, मुशीतली काच तयार झाल्यावर कशी दिसते, हे सगळं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून डोळ्याला शिकवलं. सुरुवातीला त्यांचे गोळे पडले, काचा बिघडल्या, लोक हसले. महिन्या-दोन महिन्यांत हात बसला. मग एकेकाला जवळ उभं करून तेच शिकवलं. आणि नमुन्याच्या काचा त्यांनी कपाटातून काढून कायमच्या बाकड्याशेजारी टांगल्या. स्वतः पाहिलं तरी दुसऱ्याला बघायला लावल्याशिवाय पेटी बंद होऊ द्यायचे नाहीत.

दोन हजार सालानंतर सिग्नल बदलत गेले. खांबावरचे हात उतरले, रॉकेलचे दिवे गेले, बारक्या इलेक्ट्रॉनिक दिव्यांचे सिग्नल आले. त्यांना आमची काच नको होती. मागणी आटत गेली. शेठ कारखाना बंद करायच्या गोष्टी बोलू लागले. तेवढ्यात कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या माणसानं विचारलं, रिअॅक्टरच्या झाकणाला बसवायची जाड गोल काच कराल का? रिअॅक्टर म्हणजे औषध उकळायची बंद टाकी; आत उकळणारा द्रव त्या काचेतून बघायचा. आतून कढत, बाहेरून गार हवा, तरी तडकता कामा नये.

साध्या काचेचं ते काम नव्हतं. तिच्यात बोरॉन घालावा लागतो, म्हणजे ती तापून फार फुगत नाही आणि गार होऊन फार आकसत नाही. आमच्या जुन्या भट्टीत ती धड वितळेना. गूळ घट्ट व्हावा तशी मुशीतच बसून राहायची. शेठनी ऑक्सिजनवर चालणारी लहान भट्टी बांधली. काच वितळली, दाबलीही गेली, पण थंड होताना आपोआप तडकायला लागली. गोदामात ठेवलेली काच दुपारी टणकन वाजून दोन तुकडे व्हायची. सगळे दचकायचे.

मी एक जुनं उपकरण मिळवलं. दोन खास भिंगांच्या मधे काच धरली की तिच्या आतला ताण रंग होऊन दिसतो. साहेबरावांना दाखवलं. साधी स्वच्छ पांढरी काच, आणि भिंगातून बघावं तर कडेला निळे, पिवळे, जांभळे पट्टे. त्यांनी ते उपकरण हातातून सोडलंच नाही. कारखान्यातली प्रत्येक काच आणून बघितली, जेवणाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकणसुद्धा.

"हिच्यात बी रंग हाय, ताई. पर ह्यो रंग वाईट."

"व्हय मामा. हा जायला पाहिजे."

तो घालवायला त्यांना सगळा पावसाळा लागला. जाड काचेचं पोट कडेपेक्षा उशिरा गार होतं, तिथं ओढाताण होते. त्यांनी काच हळूहळू थंड करायची भट्टी विटा घालून निम्मी नव्यानं बांधली, उतरती उष्णता आणखी सावकाश केली, आणि दर काच भिंगाखाली धरून बघितली. पट्टे फिके होत गेले. एके दिवशी एक काच आली तिच्यात काहीच दिसलं नाही. त्यांनी ती तापवली, गार पाण्याच्या बादलीत टाकली आणि आम्ही सगळे मागं सरलो. नुसता चर्र आवाज झाला. काच तशीच.

कुरकुंभला ती बसवायला ते स्वतः आले. मीही होते. रिअॅक्टरवरचा ऑपरेटर बिहारचा होता. त्यानं वाफ सोडली. आत काय चाललंय ते दाखवायला एक दिवा होता. साहेबराव काचेवर वाकले. आत पिवळसर द्रव आधी निवांत होता, मग तळाशी बुडबुडे धरले, मग सगळं खदखदायला लागलं. बाहेर बोटभर अंतरावर त्यांचं तोंड.

"बाबा, मैं भी देखूँ?" ऑपरेटर म्हणाला.

ते बाजूला झाले. त्यानं पाहिलं, अंगठा वर केला आणि मीटरकडं वळला. साहेबरावांनी चष्मा पुसला, माझ्याकडं पाहून म्हणाले, "या ताई, तुमी बघा आदी," आणि मी बघून होईपर्यंत शेजारी उभे राहून पुन्हा आपल्या पाळीची वाट बघत राहिले.